पायांकडं बघणारे सर

सर माणसाच्या तोंडाकडं फारसं बघायचे नाहीत. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. उदगीरच्या आमच्या शाळेत नवीन हेडमास्तर आले, तेव्हा सर बाजारात दोनदा त्यांच्या शेजारून ओळख न दाखवता निघून गेले. हेडमास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. तिसऱ्यांदा हेडमास्तर पाठमोरे चालले होते, तर सरांनी लांबूनच ओळखलं आणि पुढं जाऊन वाकून नमस्कार केला. नंतर आम्हाला म्हणाले की त्यांच्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूनं झिजती, असं चालणारा माणूस उदगिरात दुसरा न्हाई.

वर्गात हजेरी घेतानासुद्धा त्यांची नजर बाकांखाली असायची. कोण आलंय, कोण नाही, हे ते चपलांवरून आणि पायांवरून सांगत. एखादीचा पाय सारखा हलत असला की तिला पुढं बोलावून काय बिनसलंय ते विचारत. बहुतेक वेळा काहीतरी बिनसलेलं असायचंच.

ते आमचे पीटीचे मास्तर होते. मूळचे शिरूर अनंतपाळचे, घरची कोरडवाहू शेती, आजोळ बिदरकडचं. उंची बेताची, रंग काळा, गळ्यात कायम एक पंचा. तरुणपणी कबड्डी खेळलेले. बास्केटबॉल त्यांनी आयुष्यात कधी खेळला नव्हता, नोकरी लागेपर्यंत पाहिलाही नव्हता. शाळेच्या खेळाच्या खोलीत कुठल्याशा योजनेतून आलेले दोन चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक पडून होतं. सरांनी चेंडूंत हवा भरली आणि पुस्तक घरी नेलं. महिनाभर ते पुस्तक वाचत होते. मग एका सोमवारी त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात मुरूम टाकून घेतला, पाण्याचे दोन जुने पाइप रोवले आणि बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन कड्या करून आणल्या.

कबड्डी सोडून हाच खेळ कामून, असं कुणीतरी विचारलं होतं. त्यावर त्यांनी सांगितलं की ह्या खेळात एकमेकाला हात लावला की शिट्टी वाजते, त्यामुळं पोरींच्या आईबापांना समजावणं सोपं जाईल. खरोखरच घरोघरी जाऊन त्यांनी हेच सांगितलं.

माझे वडील धान्याच्या बाजारात, मोंढ्यात तोलाईचं काम करायचे. पोती काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, पोती उतरवायची. सर तिथं गेले आणि काट्याजवळ उभे राहिले. वडिलांनी पाहिलं, पण काम थांबवलं नाही. सरही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वडिलांनी काटा सोडून त्यांना चहाला नेलं. ते बोलणं वडिलांनी मला अनेकदा सांगितलंय. सर म्हणाले होते, "मामा, तुमची पोरगी पळती तसं आख्ख्या शाळेत कुणी पळत न्हाई. मी तिला न्यायला आलो न्हाई, विचारायला आलो."

वडिलांनी चहा संपवला आणि हो म्हणाले. फक्त एक अट घातली, खाली सलवार राहील. सरांनी ती सगळ्या संघालाच लागू केली. त्यामुळं पुढं आमच्या संघाला लातूरकडं सलवारवाल्या म्हणून ओळखत.

सरांकडची शिट्टी सारखी हरवायची. ते एकदाच टाळी वाजवत आणि आम्ही थांबायचो. पळायला लावलं की कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. आईकडून आलेली ही मोजणी त्यांना मराठीपेक्षा जवळची होती. आमच्यातल्या कित्येकींना एरवी कानडीचा एक शब्द येत नव्हता, पण वीसपर्यंत आकडे तोंडपाठ होते.

खेळताना आम्ही साहजिकच चेंडूकडं बघायचो. सर म्हणायचे, "बॉलला पाय हाईत का? न्हाईत. मग तो कुटं जाणार ते त्याला काय म्हाईत? समोरचीचे पाय बघ." हे आम्ही दिवसातून दहादा ऐकायचो. आणखी एक त्यांची सक्ती होती. कडीत चेंडू गेला की ज्या मुलीनं टाकला तिनं हात वर करायचा नाही, चेंडू जिनं दिला तिच्याकडं बोट करायचं. हे विसरलं की पुढची पाच मिनिटं बाहेर.

पहिल्यांदा जिल्ह्याच्या सामन्यांना लातूरला गेलो तेव्हा आमची फार नाचक्की झाली. पंच सारखी शिट्टी वाजवत होते आणि आम्हाला कारण कळत नव्हतं. सर थेट मैदानात गेले आणि काय चुकलं म्हणून विचारलं. पंचांनी सांगितलं की कडीखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. सरांनी विचारलं, कितव्या पानावर आहे. आमच्या पुस्तकात ते पानच नव्हतं, कुणीतरी कधीतरी फाडलेलं. सामना आम्ही दणकून हरलो. त्यानंतर पंच चहा पीत बसले होते, तिथं सर त्यांच्याशेजारी जाऊन बसले, त्यांचं पुस्तक मागून घेतलं आणि ते पान वहीच्या कागदावर हातानं उतरवून काढलं. आमची गाडी चुकली, पण पान उतरवल्याशिवाय ते उठले नाहीत. पुढं ते आमच्या पुस्तकात खळीनं चिकटवलं.

त्याच दिवशी त्यांनी तिथल्या कड्यांकडं मान वर करून बराच वेळ पाहिलं होतं. परत आल्यावर त्यांनी शिडी लावून आमच्या कड्या मोजल्या. दोन बोटं लहान निघाल्या. माप घेताना त्यांचीच चूक झाली होती. आम्हाला वाटलं, आता बदलतील. त्यांनी शिडी ठेवून दिली आणि म्हणाले, राहू दे, हितं पडला तर कुटंबी पडंल.

आणि एक विचित्र सवय. आम्ही जिंकत असलो की शेवटच्या दोन मिनिटांत सर उठून चहाला निघून जात. हरत असलो तर मात्र शेवटपर्यंत थांबत, सगळे गेल्यावर खुर्च्या गोळा करू लागत आणि मगच आमच्याकडं येत. हरल्यावर आम्हाला कधी रागावलेले आठवत नाहीत.

तिसऱ्या वर्षी आम्ही विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. मी दहावीत होते. सामने लातूरला एका कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर होते. उपांत्य सामन्यात मी उडी मारून खाली आले आणि डावा गुडघा आतल्या बाजूला वळला. तेवढ्यापुरतं काही वाटलं नाही. संध्याकाळी तो सुजला. सरांनी समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, पंच्यात बांधून स्वतः धरून बसले. माझ्याच्यानं पाय दुमडवत नव्हता, पण मी तसं बोलले नाही. संघात आम्ही आठच मुली होतो, आणि कडीखाली उंच उडी मारणारी मी एकटी.

सकाळी सगळ्या तयार होऊन मैदानावर आलो. सरांनी मला बाजूला बोलावलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मी चालले. दात आवळून, जमेल तितकं सरळ चालले. परत आले तेव्हा सर खाली बघत होते.

"दुखतंय का?"

"न्हाई, सर."

ते काही वेळ तसेच खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मग खेळ."

सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना मी चेंडूसाठी उडी मारली. खाली येताना गुडघ्यातून आवाज आला. तो आवाज शेजारच्या मुलीनंही ऐकला. चेंडू माझ्या हातातून तिच्याकडं गेला होता आणि तिनं तो कडीत टाकला. पडल्या पडल्या मी वर पाहिलं तर ती माझ्याकडं बोट करत होती. आम्ही एका गुणानं जिंकलो. मला उचलून नेलं तेव्हा माझ्या एका बाजूला सर होते.

सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, खेळता येणार नाही. दहावीची परीक्षा मी पाय बाकावर ठेवून दिली. पुढं चालायला लागले, पण डावा पाय थोडा ओढला जातो, तो आजही.

सर मोंढ्यात वडिलांकडं पुन्हा गेले होते. पुन्हा काट्याजवळ उभे राहिले. ह्या वेळी वडिलांनी पहिल्याच दिवशी काम थांबवलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही विचारायला आला होता, मी हो म्हणलो होतो. आता काय बोलू?" सरांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

तो सामना बघायला त्या कॉलेजचे संस्थाचालक आले होते. तालुक्याच्या गावातल्या आठ पोरींचा तो खेळ त्यांना भावला. जूनमध्ये सर लातूरला त्या कॉलेजात रुजू झाले. तिथून पुढची त्यांची सगळी चढण सुरू झाली. लातूरला नऊ वर्षं, मग नांदेडला मोठ्या पुरुष संघाचे प्रशिक्षक, राज्याच्या संघाबरोबर दोनदा. आणि वयाच्या साठीला आल्यावर, खासगी मालकांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा, एका मोठ्या शहरातल्या संघानं त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. पाण्याच्या पाइपाला कड्या लावणारा माणूस काचेच्या, गार हवेच्या हॉलमध्ये कोट घालून उभा राहिला.

मी शिकले, बी.एड. केलं, लग्न होऊन नांदेडला आले आणि एका शाळेत भूगोल शिकवू लागले. सरांचं नांदेडचं घर माझ्या शाळेपासून लांब नव्हतं. कधीमधी भेट व्हायची. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, गुडघा कसाय. मी बरा आहे म्हणायची. मग ते शाळेचं, घरच्यांचं विचारायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. जगातल्या प्रत्येक माणसाच्या पायाकडं बघणारे सर माझ्या पायाकडं बघत नसत. आम्ही रस्त्यानं सोबत निघालो की ते चार पावलं पुढं चालत. माझ्या लग्नाला आले होते, तेव्हा नवरदेवाला त्यांनी आधी चालतानाच पाहून घेतलं आणि माझ्या आईला सांगितलं की पोरगा टाच सरळ टेकवतो, काळजी करू नका. सप्तपदीच्या वेळी सगळा मांडव माझ्या पावलांकडं बघत होता. मी मान थोडी वर केली तर सर मांडवाच्या कापडाकडं बघत उभे होते.

मला ती त्यांची माया वाटायची. आपल्या हातची पोरगी लंगडते हे बघवत नसेल, इतकंच मी धरून चालले. कारण चूक माझी होती. मी खोटं बोलले होते. ती गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पण मनात तिचा थोडा अभिमान होता. सोळाव्या वर्षी मी माझ्या जिवावर एक निर्णय घेतला होता आणि त्याची किंमत मीच देत होते.

व्यावसायिक संघात सर कसे वागतात ते नांदेडचे त्यांचे जुने खेळाडू येऊन सांगत. तिथं पुढ्यात संगणक घेऊन बसणारा एक माणूस होता. तो प्रत्येकाच्या खेळाचे आकडे सरांना दाखवायचा. सर शांतपणे सगळं ऐकून घेत आणि म्हणत की हे झालेल्याचं हाय, मला पुढं होणाऱ्याचं बघू दे. साडेसहा फुटांच्या एका परदेशी खेळाडूनं चेंडू देणाऱ्याकडं बोट करायला नकार दिला, तेव्हा सरांनी त्याला पाच मिनिटं बाहेर बसवलं. दुभाष्या समजावून थकला. तो खेळाडू दुसऱ्या दिवसापासून बोट करायला लागला. सराव करताना ते तिथंही कानडीत मोजत. मालकांना ह्या सगळ्याचं पहिल्या दोन वर्षांत कौतुक होतं, कारण संघ जिंकत होता.

तिसऱ्या वर्षीचा उपांत्य सामना मी नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिला. संध्याकाळची वेळ होती, आम्ही जेवायचं थांबलो होतो. संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू, तेवीस वर्षांचा उत्तरेकडचा एक मुलगा, पूर्ण तयारीनिशी बाहेर बसला होता. आधीच्या सामन्यात त्याचा घोटा मुरगळला होता. डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही असं सांगितल्याचं निवेदक पुन्हा पुन्हा बोलत होता. संघ थोड्या गुणांनी मागं होता. कॅमेरा सारखा त्या मुलाकडं जायचा, मग सरांकडं. त्या मुलानं दोनदा उठून सरांना काहीतरी सांगितलं. मालक खुर्चीतून उठून खाली आले आणि सरांच्या कानाशी बोलले. सरांनी मान हलवली नाही की वर पाहिलं नाही. निवेदक त्यांना हट्टी म्हणाला. संघ हरला. हॉल रिकामा होईपर्यंत सर तिथंच असणार हे मला ठाऊक होतं, पण तोवर प्रक्षेपण संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकल्याची तीन ओळींची बातमी आली.

मी फोन लावला, तो बंद होता. त्या दिवाळीला त्यांचा फोन आला नाही. सुट्टी संपायच्या आत मी उदगीरची बस धरली, तिथून दुसऱ्या गाडीनं शिरूर अनंतपाळला गेले. सर गावी परतले होते. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि सर बाजेवर बसले होते. मी फाटकातून आत गेले तर त्यांनी वर न बघताच विचारलं, "एस.टी.नं आलीस?" काकूंनी चहा टाकला.

मी त्यांना धीर द्यायला गेले होते. संघाचं नुकसान झालं, असं लोक म्हणतात पण तुम्ही बरोबर होता, वगैरे काहीतरी बोलत होते. त्यांनी मला थांबवलं.

"त्या दिवशी तू न्हाई म्हणलीस," ते म्हणाले. "लातूरला."

मी म्हटलं, "सर, ते मी खोटं बोलले होते. इतक्या वर्षांत तुम्हाला सांगायचं राहिलं."

"मला दिसलं व्हतं. टाचेच्या आधी बोटं टेकवत व्हतीस तू. गुडघ्यात दम नसला की माणूस असंच टेकवतं. तिथून इथवर चाललीस, प्रत्येक पाऊल तसंच. मला दिसलं आन् मी खेळ म्हणलो."

अंगणात कोंबड्या सोयाबीनवर येत होत्या. काकू त्यांना हाकलत होत्या. मग मी विचारलं, "दिसलं होतं तर कामून विचारलं?"

"तू न्हाई म्हणशील हे म्हाईत व्हतं म्हणून विचारलं."

त्यांनी हे रडून किंवा माफी मागून सांगितलं नाही. एखादं माप सांगावं तसं सांगितलं. पुढं म्हणाले की त्या सामन्यावर त्यांना लातूर मिळालं, लातूरवर नांदेड, नांदेडवर बाकीचं, आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर त्यांना तेच आधी आठवायचं.

काकूंनी चहा आणला तेव्हा मी उठले होते. शाळेचं काम आहे असं काहीतरी सांगून मी निघाले. फाटकापर्यंत जाताना मागून सर माझं चालणं बघत होते. मी वळले नाही, पण मला कळलं. लातूरच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा ते बघत होते, आणि मला ते सहन होत नव्हतं.

त्यानंतर चार महिने मी सरांना फोन केला नाही. नवरा म्हणाला, म्हातारा माणूस आहे, मनातलं बोलला, सोडून दे. माझा राग गुडघ्यासाठी नव्हता, हे त्याला समजावता येत नव्हतं. गुडघा गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. माझा राग होता तो त्या 'न्हाई'साठी. ते मी बोलले, मी ठरवलं, असं मानून मी इतकी वर्षं सरळ मानेनं वाकडी चालले होते. आता कळलं की माझ्या तोंडून काय निघणार हे समोरच्यानं आधीच हेरलं होतं, आणि आपल्या सोयीसाठी ते काढून घेतलं होतं.

फेब्रुवारीत एके दिवशी शाळेत मला भेटायला एक तरुण आला. दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच. सामन्यात बाहेर बसलेला तोच तो खेळाडू. सरांनी त्याचा फोन घेतला नव्हता, म्हणून त्यांच्या नांदेडच्या जुन्या खेळाडूंकडून माझं नाव काढत तो आला होता. त्याला सरांच्या गावी जायचं होतं. तो हिंदीत बोलत होता. त्यानं सांगितलं की सामन्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तेव्हा घोट्याच्या हाडाला बारीक तडा निघाला. खेळला असता तर हाड सरकलं असतं. आता तो बरा होऊन पुन्हा सराव करत होता. त्या संध्याकाळी बाहेर बसल्या बसल्या आपण सरांना मनात शिव्या घालत होतो, हेही त्यानं सांगून टाकलं.

मी विचारलं, सामन्याआधी सरांनी तुला काय विचारलं होतं.

तो म्हणाला, काहीच नाही. त्यांनी फक्त चालून दाखवायला सांगितलं. मीच म्हणत होतो की दुखत नाही, तर ते म्हणाले, तुला मी विचारणार नाही. विचारलं की तू नाही म्हणशील आणि मग मला सोपं जाईल. एका मुलीला मी एकदा विचारलं होतं.

मग त्यानं माझ्या पायाकडं पाहिलं आणि लगेच नजर उचलली. ती मुलगी मीच का, हे त्यानं विचारलं नाही. ह्या मुलाचा पाय वाचला ह्याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याच्या पायाच्या मोबदल्यात माझा गुडघा हिशोबात धरायला मी तयार नव्हते. तो कुणी मला न विचारता धरू नये, इतकंच मला वाटलं. आणि हे सरांना सांगायला हवं, असंही वाटलं.

त्याच्याच गाडीतून आम्ही शिरूरला गेलो. काकूंनी त्या मुलाला ओसरीवर बसवून ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. एवढा मोठा पाहुणा कसा जेवतो ते बघायला शेजारणी आल्या. सर शेतातल्या नव्या विहिरीकडं गेले होते. मी तिकडं गेले. त्या चार महिन्यांत ते बरेच वाळले होते. मला येताना त्यांनी पाहिलं, अख्खा बांध चालून येईपर्यंत पाहिलं.

मी म्हटलं, "सर, मी भांडायला आले न्हाई. एक सांगायला आले."

"बोल."

"तुम्हाला दिसलं होतं, ते तुमचं. ते मी माफ करावं की न करावं मला अजून कळत न्हाई. पण 'न्हाई' मी म्हणले होते. तुम्ही विचारलं नसतं तरी मी खेळायचंच म्हणले असते, तुमच्या पाया पडून म्हणले असते. ते माझं आहे. ते तुम्ही तुमच्याकडं घेऊ नका."

विहिरीवरची मोटर चालू होती. ती सरांनी बंद केली. मग म्हणाले, "मी समजत व्हतो, सगळं माझ्यावर घेतलं म्हणजे तुझं हलकं व्हईल."

"न्हाई होत सर. माझ्याकडं काहीच राहत न्हाई."

"बरं," ते म्हणाले. "तुझं तुझ्याकडं राहू दे."

आम्ही घराकडं निघालो. ह्या वेळी ते पुढं गेले नाहीत, माझ्या चालीनं चालत राहिले. जेवताना ते त्या मुलाच्या घोट्याबद्दलच बोलत होते, किती दिवस पळायचं नाही, पट्टी कशी बांधायची. त्या मुलानं मान खाली घालून सगळं ऐकलं. निघताना तो त्यांच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही.

त्यानंतर सर दोन वर्षं होते. मी सुट्टीत जायची. लातूरच्या गोष्टीवर आम्ही पुन्हा बोललो नाही, बोलायचं काही उरलं नव्हतं. पाऊस, तुरीवरची अळी, माझ्या मुलीचं शिक्षण, असंच बोलणं व्हायचं. त्यांना कधी कधी वाटायचं की गावातल्या शाळेत पोरींचा एक संघ करावा, पण अंगात ताकद उरली नव्हती. मला त्यांना पूर्णपणे माफ करता आलं का, हे अजूनही नक्की सांगता येणार नाही. त्यांच्याकडं जावंसं वाटायचं, एवढं खरं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी काकूंच्या पुतण्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. लातूरचे, नांदेडचे खेळाडू होते, आता पोट सुटलेले, केस पिकलेले. तो उंच मुलगाही विमानानं आणि पुढं गाडीनं येऊन कोपऱ्यात उभा होता. आमच्या उदगीरच्या आठजणींपैकी मला धरून चौघी आल्या होत्या. एकमेकींना धरून आम्ही थोडं रडलो. अग्नी शेतातच द्यायचा होता. बायका सहसा घरीच थांबतात, पण काकू म्हणाल्या की ह्या पोरींना जाऊ द्या, कुणी अडवू नका.

शेत नुकतंच नांगरलेलं होतं. ढेकळांतून चालायला मला वेळ लागत होता, म्हणून बाकीच्या तिघीही हळू चालत होत्या. बांधावर गावातला एक म्हातारा उभा होता. त्यानं आम्हा चौघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, मयताच्या तुम्ही कोण? लेक का पुतणी?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग विद्यार्थिनी व्हय?"

माझ्या तोंडावर दुसराच शब्द आला, जो ऑपरेशननंतर मी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. सोळा वर्षांची असताना तो माझ्याकडून गेला होता आणि मला वाटायचं, ज्याला पळता येत नाही त्यानं तो वापरू नये.

"न्हाई, काका," मी म्हटलं. "मी त्यांची खेळाडू."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि आम्हाला वाट दिली.